सोमयाजुलूंचा अर्ज विचाराधीन आहे

तो अर्ज खरं म्हणजे सोमयाजुलूंचा नव्हताच. पण हे त्यांना कळलं तेव्हा अर्ज जाऊन सव्वा वर्ष झालं होतं, आणि ते कळण्यासाठी टेलिफोनवर एक तास चाळीस मिनिटं एकच धून ऐकत बसावं लागलं होतं. ती धून पुढे इतकी अंगवळणी पडली की त्यांची बायको रमामणी डाळीला फोडणी देताना तीच गुणगुणायची.

त्या दिवशी एवढ्या प्रतीक्षेनंतर पलीकडून माणसाचा आवाज आला, तेव्हा सोमयाजुलु नेमके मोरीत होते. रमामणीने फोन उचलला. साबणाच्या हाताने सोमयाजुलु धावत आले.

"अर्जदार आपणच का?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"होय, मीच. पिसुपाटी वेंकट सत्य सोमयाजुलु."

थोडा वेळ टकटक झाली. "नाही. अर्जदार होल्टमन पशुखाद्य कंपनी आहे. तुम्ही नुसते लाभार्थी आहात. लाभार्थ्याला माहिती देता येत नाही."

"पण बाई, ग्रीन कार्ड मला मिळणार आहे ना? कंपनीला नाही ना मिळणार?"

"तेही सांगता येत नाही," बाई म्हणाली, आणि दिवस आनंदात घालवण्याचा सल्ला देऊन तिने फोन ठेवला.

लाभार्थी! काकिनाड्यात त्यांचे वडील मुख्याध्यापक होते. घराण्यात आजवर कुणी कशाचा लाभार्थी झालं नव्हतं. दुष्काळातसुद्धा नाही.

सोमयाजुलु डॅलसच्या उत्तरेला, सगळी घरं एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसणाऱ्या वसाहतीत राहत. कुठल्या गाईच्या पेंडीत काय किती मिसळायचं हे ठरवणारी संगणकाची यंत्रणा ते सांभाळत. स्वतः अंडंही न खाणारा हा माणूस टेक्सासमधल्या गुरांच्या वजनाला निम्मा जबाबदार होता, आणि या विषयावर विचार न करण्याची त्यांनी सवय लावून घेतली होती. कंपनीने सरकारला लेखी दिलं होतं की हे काम करू शकेल असा दुसरा माणूस या देशात शोधूनही सापडला नाही. सोमयाजुलूंनी तो कागद घरी वाचून दाखवला होता. त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला जाऊन त्यांनी हॉलपर्यंत पाणी नेलं होतं, त्यामुळे घरात त्या कागदाचा म्हणावा तसा आदर झाला नाही.

आता हा अर्ज रखडला का, याची गोष्ट तशी किरकोळ आहे. त्यासोबत जोडायचा एका दुसऱ्या सरकारी खात्याचा मूळ दाखला होल्टमनच्या कार्यालयातून हरवला. बहुधा एखाद्या वळूच्या वंशावळीच्या फायलीत गेला असावा; कंपनीत तीच कागदपत्रं सर्वांत जपून ठेवत. मग अर्ज दाखल्याविना गेला, आणि एका कचेरीने दुसरीकडे दाखल्याची नक्कल मागितली. तेव्हापासून पहिली कचेरी दुसरीची वाट पाहत होती, दुसरीचं काय चाललंय हे पहिलीला माहीत नव्हतं, आणि सोमयाजुलूंना दोघींकडूनही एकच उत्तर येत होतं : अर्ज विचाराधीन आहे. जादा शुल्क भरून पंधरा दिवसांत निकाल मिळवायची सोय होती, पण मूळ दाखला नसेल तर ती सोय नाही.

ही सोय मिळालेला माणूस दोन घरं सोडून राहत होता. दुव्वुरी चलपतिराव. वसाहतीत लोक एकमेकांना भेटल्यावर नमस्कार करत नसत, "कुठवर आलं?" असं विचारत. आणि चलपतिराव हा प्रश्न नेहमी हातात पेसरट्टूची, म्हणजे मुगाच्या डोशाची, बशी असताना, दहा माणसांत, मोठ्याने विचारत.

"सोमयाजुलुगारू, कुठवर आलं?"

"विचाराधीन आहे."

"अजून? आमचा तेरा दिवसांत झाला. तेरा!"

"तेराव्या दिवशी आपल्याकडे काय असतं ते माहीत आहे ना, चलपतिरावगारू?" रमामणी चटणी वाढता वाढता म्हणायची. पण चलपतिराव टोमणा लागणाऱ्यांतले नव्हते. मंजुरी झाली म्हणून त्यांना ग्रीन कार्ड मिळालं होतं असंही नाही. मंजुरीनंतर पुन्हा भारतीयांची मोठी रांग होती, वर्षानुवर्षांची, आणि तिच्यात सगळेच उभे होते. फक्त चलपतिराव तिथे मंजूर होऊन उभे होते आणि सोमयाजुलु विचाराधीन होऊन. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या पानात जिलेबी पडावी आणि आपलं पान मांडलंच नाही असं लक्षात यावं, तशी त्यांची अवस्था.

मानापमान एक वेळ गिळता आला असता. पण त्या वर्षी नवा नियम झाला : नवऱ्याचा अर्ज मंजूर असेल तर बायकोला कामाचा परवाना मिळणार. रमामणीने काकिनाड्याच्या कॉलेजात बारा वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. इथे येऊन पाच वर्षं ती घरात होती. तिने शिक्षकाच्या परीक्षा दिल्या, पहिल्या फटक्यात पास झाली, आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये आमच्या जीवशास्त्राच्या बाई निवृत्त होतायत. परवाना आणा, वर्ग तुमचा."

झालं. सोमयाजुलूंनी कंबर कसली.

चलपतिराव म्हणाले, खासदाराला लिहा. सोमयाजुलूंनी लिहिलं. आपल्याकडे खासदाराला लिहिलेलं पत्र गंगेत सोडलेल्या दिव्यासारखं असतं. गेलं ते गेलं. इथे तिसऱ्या दिवशी फोन आला. खासदारांच्या कार्यालयातल्या डार्लीन हचिन्सबाई. साठीच्या, आवाजात मध.

"मिस्टर पिसू?" त्या म्हणाल्या. पिसुपाटीतल्या पुढच्या दोन अक्षरांवर त्यांनी पाणी सोडलं होतं. मराठी वाचकांनी इथे हसू नये. सोमयाजुलूंना हा शब्द ठाऊक नव्हता आणि ते अतिशय आदराने "येस मॅडम" म्हणाले. "तुमचं पत्र वाचून मला रडू आलं. आता हे प्रकरण तुमचं नाही, माझं आहे."

तिकडे हैदराबादला रमामणीच्या आईने, अन्नपूर्णम्मांनी, 'व्हिसाचा बालाजी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या देवाला नवस बोलला. अकरा प्रदक्षिणा मागण्यासाठी घालून झाल्या. काम झालं की एकशे आठ. वय बाहत्तर, उजवा गुडघा कामातून गेलेला. "गुडघ्याचं मी बघते," त्या म्हणाल्या, "तुम्ही कागदांचं बघा."

एवढ्यावर थांबले असते तर ते सोमयाजुलु कसले! चलपतिरावांनी सांगितलं की सरकारवर दावा लावता येतो. निकाल काय द्यायचा ते कोर्ट सांगत नाही, पण काहीतरी निकाल द्या, असा हुकूम कचेरीला देतं. सरकारवर दावा, ही कल्पना मुख्याध्यापकाच्या मुलाला झेपणारी नव्हती. तरी फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून न्वोसू नावाच्या वकीलबाईंसमोर जाऊन बसले. अर्ज जाऊन त्या दिवशी बरोबर साडेसातशे दिवस झाले होते. हा आकडा त्यांना पाठ होता.

इफेओमा न्वोसू मूळच्या नायजेरियाच्या. स्वतः या रांगेतून गेलेल्या. त्यांनी सगळे कागद वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, "मुलं?"

"एक मुलगी. हिमजा. सतरा पूर्ण."

"मग दावा कशाला लावताय?"

सोमयाजुलूंना वाटलं, आपल्या इंग्रजीत काही चूक झाली.

वकीलबाईंनी समजावलं. मुलगी एकवीस वर्षांची झाली की आईबापांच्या अर्जातून बाहेर पडते. रांगेतली तुमची जागा जुन्या तारखेने पक्की आहे, अर्ज आज मंजूर झाला काय आणि उद्या काय, तिथे फरक पडत नाही. पण पाळी यायला पाचेक वर्षं सहज लागतील. तोवर मुलगी बाविशी-तेविशीची. "मात्र कायदा असा आहे, की पाळी येईल त्या दिवशीच्या तिच्या वयातून, तुमचा अर्ज जितके दिवस कचेरीत पडून राहिला तितके दिवस वजा करायचे. सरकारच्या दिरंगाईचा भुर्दंड मुलांना नको म्हणून."

"म्हणजे..."

"म्हणजे साडेसातशे दिवस तुमच्या मुलीचं वय वाढलेलंच नाही. आणि आजचा दिवसही फुकट गेलेला नाही."

सोमयाजुलु गाडीत येऊन बसले. ज्या कचेरीला गेली दोन वर्षं त्यांनी तेलुगूतल्या निवडक शब्दांनी स्मरलं होतं, ती त्यांच्या मुलीला रोज एक दिवस देत होती. आणि ही देणगी बंद पाडायला त्यांनी एक खासदार, एक देव आणि जवळजवळ एक कोर्ट कामाला लावलं होतं.

आता हे घरी सांगायचं कसं? रमामणीने शाळेसाठी दोन सुती साड्या आणि एक बंद गळ्याचा कोट काढून ठेवला होता. सोमयाजुलूंनी शूर माणसाचा निर्णय घेतला : सांगायचंच नाही. गुपचूप सगळं थांबवायचं.

पहिला फोन डार्लीनबाईंना.

"मॅडम, माझ्या अर्जाची एवढी घाई नाही. तुम्ही थांबलात तरी चालेल."

पलीकडून अगदी हळू आवाजात, "मिस्टर पिसू, तुमच्यावर कुणी दबाव आणतंय का? खोलीत कुणी आहे का? असेल तर नुसतं 'होय' म्हणा."

"नाही, नाही! होय म्हणजे नाही! मीच म्हणतो, सावकाश होऊ दे."

"बाळा," डार्लीनबाईंचा आवाज भरून आला, "तुम्ही आशा सोडलीत. या खुर्चीत बसून मी अशी किती माणसं पाहिली. पण डार्लीन हचिन्सने आशा सोडलेली नाही." त्याच दुपारी त्यांनी कचेरीला दुसरं पत्र धाडलं, पहिल्यापेक्षा कडक.

दुसरा फोन हैदराबादला.

"अत्तय्यागारू, तो नवस जरा... पुढे ढकलता येईल का?"

"नवस म्हणजे काय दाताच्या डॉक्टरची वेळ आहे, जावईबापू?" अन्नपूर्णम्मा म्हणाल्या. "मी मागून बसले. आता देवाला काय सांगू, अर्जात दुरुस्ती आहे?"

"तुमच्या गुडघ्याची काळजी वाटते हो."

"दोन वर्षांत पहिल्यांदा वाटली. रमाला द्या फोन. तुमचं काहीतरी बिनसलंय."

सोमयाजुलूंनी फोन रमाला दिला नाही, लाइन खराब असल्याचं सांगून ठेवून दिला. पण माणूस चारही दारं लावून घेतो आणि चोर खिडकीतून येतो. दोन दिवसांनी ते कामावर असताना डार्लीनबाईंनी घरी फोन केला. तो रमामणीने घेतला.

संध्याकाळी जेवणात सगळं होतं : पप्पू म्हणजे डाळ, गोंगुऱ्याची आंबट भाजी, तूप. फक्त बोलणं नव्हतं. हिमजाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि भाताचा डोंगर करत बसली.

"तुमच्या डार्लीनबाईंचा फोन होता," शेवटी रमामणी म्हणाली. "म्हणत होत्या, नवरा तुमचा फार खचलाय, काम थांबवा म्हणतोय. तुम्ही खचलाय?"

"तसं नाही..."

"मग कसं? अहो, बारा वर्षं मी शंभर-शंभर पोरांचे वर्ग घेतले. इथे आल्यापासून कुंडीतल्या कढीपत्त्याला शिकवते. तोसुद्धा दर हिवाळ्यात नापास होतो. एक नोकरी दारात आलीय, आणि तुम्ही तिला परत पाठवताय? मला न विचारता?"

सोमयाजुलूंनी सगळं सांगितलं. वकीलबाई, साडेसातशे दिवस, वजाबाकी. सांगताना त्यांनी कागदी रुमालावर आकडेमोडही करून दाखवली, कारण घाबरले की ते आकडेमोड करत.

रमामणी ऐकत राहिली. तिचा राग उतरताना दिसला, आणि ते सोमयाजुलूंना जास्त जड गेलं. तिने रुमाल घडी करून बाजूला ठेवला.

"एवढंच होतं तर मला सांगायचं," ती म्हणाली. "राहू दे मग. शाळा काय, पुढेही मिळेल."

"मिळणार नाही," हिमजा म्हणाली. "अम्मा, तुला माहितीय मिळणार नाही."

"तू मध्ये बोलू नकोस. तू लहान आहेस."

"लहान आहे तर मग वजा कशाला करताय?" हिमजाने चमचा ठेवला. "नान्ना, माझ्या दिवसांसाठी अम्माचे दिवस द्यायचे, हे कुणी ठरवलं? मला विचारलंस? मी एकविसाव्या वर्षी विद्यार्थ्याचा व्हिसा घेईन. वर्गातली निम्मी पोरं घेतात. अवघड जाईल, जाऊ दे. पण तिने माझ्यामुळे आणखी पाच वर्षं कढीपत्त्याला शिकवलं, हे मी आयुष्यभर ऐकायचं?"

"मी कधी ऐकवणार नव्हते," रमामणी म्हणाली.

"हो, आणि तू ऐकवलं नसतंस, म्हणूनच ते मला रोज ऐकू आलं असतं."

रमामणी उठली आणि ताक आणायला म्हणून आत गेली. ताक टेबलावरच होतं. ती बऱ्याच वेळाने परत आली, डोळे पुसून.

असं घरातलं मतदान झालं. दोन विरुद्ध एक; सोमयाजुलूंनी मत मुलीच्या बाजूने टाकलं. एक म्हणजे रमामणी स्वतः, तीच स्वतःच्या नोकरीविरुद्ध. सोमयाजुलूंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे फोन उलट्या दिशेने केले.

"आधी ये म्हणालात, मग थांब म्हणालात, आता परत ये म्हणता," अन्नपूर्णम्मा कडाडल्या, "तो देव आहे की रिक्षावाला?"

डार्लीनबाई मात्र हसल्या. "मी थांबले होते असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

न्वोसूबाईंना दावा तयार करायला सांगितला. त्यांनी कुठलंही मत दिलं नाही, फक्त म्हणाल्या, "मुलगी शहाणी आहे. कागद व्हायला वेळ लागेल." तो लागला. मार्च गेला. रमामणी रोज सकाळी मनातल्या मनात म्हणे, आज न आलं तर बरं, आणि रोज दुपारी पत्रपेटीकडे सगळ्यांत आधी तीच धावे. सोमयाजुलु एकाच वेळी दोन्ही बाजूंनी देवाची प्रार्थना करत होते. दोन्ही पक्षांचं वकीलपत्र घेतलेल्या वकिलाला रात्री झोप कशी लागत असेल, ते त्यांना कळलं. म्हणजे लागत नाही.

एप्रिलमध्ये एका मंगळवारी कुणाच्या ध्यानीमनी नसताना अर्ज मंजूर झाला. दावा अजून दाखलही झाला नव्हता. कागदांवरून असं कळलं, की दाखल्याची नक्कल चौदा महिन्यांपूर्वीच येऊन पडली होती आणि त्याच फायलीत, मागच्या बाजूला होती. कुणीतरी फाईल उलटी उघडली असावी. आठशे अकरा दिवस.

श्रेय घ्यायला मात्र रांग लागली, आणि ही रांग चटकन पुढे सरकली. डार्लीनबाईंनी अभिनंदनाचं पत्र आणि एक छोटा झेंडा पाठवला. चलपतिरावांनी वसाहतभर सांगितलं, "मीच म्हटलं होतं, दाव्याची नुसती धमकी द्या." अन्नपूर्णम्मांनी एकशे आठ प्रदक्षिणा तीन दिवसांत वाटून घातल्या आणि शेवटच्या दोन खुर्चीवरून हात फिरवून पूर्ण केल्या, देवाची हरकत दिसली नाही. सोमयाजुलूंनी काही केलं होतं असं कुणाच्याच बोलण्यात आलं नाही. त्यांनाही ते धड सांगता आलं नसतं.

जुलैत परवाना आला. ऑगस्टमध्ये रमामणी बंद गळ्याचा कोट घालून शाळेत गेली. पहिल्या दिवशी संध्याकाळी परत आली ती आवाज बसवूनच, आणि इतकी खुशीत होती की मुलांनी काय काय उच्छाद मांडला हे तिने जेवण होईपर्यंत साभिनय सांगितलं.

हिमजा एकवीस वर्षांची झाली तेव्हा बोलल्याप्रमाणे विद्यार्थ्याच्या व्हिसावर गेली. सोपं गेलं नाही. दोन शिष्यवृत्त्या हुकल्या, उन्हाळ्यातली एक चांगली नोकरी कागदांपायी हातची गेली. ती कधी घरी बोलली नाही, आणि म्हणून तिच्या बापाला ते रोज ऐकू आलं. पुढे तिने भूजलशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं. रांग मध्येच पुढे सरके, मध्येच मागे जाई. मागे जाणारी रांग सोमयाजुलूंनी आयुष्यात हीच पाहिली.

आणि एका नोव्हेंबरमध्ये, भर दुपारी, कार्यालयात त्यांना न्वोसूबाईंचा फोन आला. पाळी आली होती.

"मुलीचं वय?" त्यांनी विचारलं.

"तेवीस वर्षं एक महिना," सोमयाजुलूंनी एका दमात सांगितलं.

पलीकडे आकडेमोड चालू असल्याचं ऐकू येत होतं. सोमयाजुलूंना करायची गरज नव्हती, पण त्यांना आपल्या आकड्यावर विश्वासही नव्हता.

"वीस वर्षं, दहा महिने आणि दहा दिवस," वकीलबाई म्हणाल्या. "मिस्टर सोमयाजुलु, सरकारच्या मते तुमची मुलगी अजून लहान आहे. तिघांचेही कागद पाठवा."

फोन ठेवल्यावर त्यांनी एक गोष्ट मोजली, जी मोजू नये असं त्यांना मोजता मोजताच वाटलं. ज्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून दावा लावायला गेले, त्या दिवसापासून मंजुरीपर्यंत एकसष्ट दिवस गेले होते. त्याच दिवशी अर्ज मंजूर झाला असता, डार्लीनबाईंना पहिल्या पत्रातच यश आलं असतं, बालाजीने अन्नपूर्णम्मांचं लगेच ऐकलं असतं, तर हिमजा आज एकवीस वर्षं आणि दहा दिवसांची निघाली असती. सोमयाजुलु उठून गाईंच्या फोटोखाली जाऊन उभे राहिले. कंपनीच्या भिंतीवर दुसरं कुणाचं चित्र नव्हतं.

हिमजा कुठल्याशा नदीकाठी नमुने गोळा करत होती, तिचा फोन लागला नाही. मग त्यांनी शाळेला लावला.

"मिसेस सोमयाजुलु वर्गात आहेत," शाळेतली बाई म्हणाली. "पेशीविभाजन चाललंय, मध्ये कुणी आलेलं त्यांना खपत नाही. पण तातडीचं असेल तर बोलावते. तातडीचं आहे का?"

सोमयाजुलूंनी तोंड उघडलं. गेल्या आठ वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणीही विचारला नव्हता.

"नाही हो," ते म्हणाले. "तास संपू दे. काही घाई नाही."